तबकडीचा अस्त आणि बोलत्या मराठीचे जतन

भाषेच्या इतिहासाची साधने म्हणून शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते आणि मुद्रित ग्रंथ यांचा विचार आजवर विपुल झाला आहे. ही सारी साधने लिखित होत. प्रत्यक्ष बोलल्या गेलेल्या मराठीचे साधन विसाव्या शतकापूर्वी अस्तित्वातच नव्हते. आणि ते जेव्हा उपलब्ध झाले तेव्हा एका फिरत्या तबकडीच्या रूपाने उपलब्ध झाले. प्रथम लाखेची, मग प्लास्टिकची आणि अखेरीस प्रकाशकिरणाने वाचावयाची पॉलिकार्बोनेटची, अशी ह्या तबकडीची रूपे शतकभरात पालटली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांतील शेवटचे रूपही व्यवहारातून जवळजवळ नाहीसे झाले. हा अस्त यंत्रविद्येच्या इतिहासातील एक सामान्य घटना मानून सोडून देता येत नाही. कारण त्याबरोबर मराठीच्या बोलींचा बराचसा ध्वनिरूप पुरावा नष्ट होण्याच्या मार्गावर आहे.

ह्या पुराव्याचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, ह्या दोन शब्दांचे लेखन एकच, पण उच्चार भिन्न. पहिल्यातील ज तालव्य आहे, दुसऱ्यातील दंततालव्य. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील चकारांचीही तीच गोष्ट. देवनागरी लेखन हा भेद दाखवीत नाही. म्हणून अमुक प्रदेशात, अमुक पिढीत ह्या ध्वनींचा उच्चार कसा होत होता, ह्या प्रश्नाला हस्तलिखितांकडून सरळ उत्तर मिळत नाही. ते उत्तर फक्त ध्वनिमुद्रण देऊ शकते. प्रस्तुत लेखात तबकडीच्या उदयास्ताचा हा इतिहास पिंपरी-चिंचवड-चाकण ह्या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात पाहावयाचा आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक सर्व भागांतून आलेला श्रमिक वर्ग येथे एकत्र नांदतो, आणि देहू-आळंदीसारखी वाणीची प्राचीन केंद्रे ह्याच पट्ट्याला लागून आहेत, हे ह्या निवडीचे कारण होय.

१. लाखेची तबकडी

एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीवरील ध्वनिलेखनाचे एकस्व मिळविले. हिंदुस्थानात ह्या पद्धतीने पद्धतशीर ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेड गेस्बर्ग याने केले. मुद्रित केलेले साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथून तबकड्या छापून परत येत. १९०८ साली कलकत्त्यातच छपाईचा कारखाना निघाल्यावर हा द्राविडी प्राणायाम संपला. गंमत अशी की, ह्या तबकडीचा मुख्य घटक असलेली लाख हिंदुस्थानातूनच परदेशी जात असे. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरील कीटकांचा हा स्राव वाणीचे पहिले टिकाऊ पात्र ठरला.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. नाट्यपदे, ख्याल आणि भजने ह्या मर्यादेत बसवावी लागली, हे संगीताच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. भाषाभ्यासाच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट अधिक लक्षणीय होय. आरंभीच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायक अथवा गायिका आपले नाव उच्चारीत. हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणत्या साच्यावर कोणाचे नाव चिकटवावयाचे हे त्यावरून कळे. म्हणजे कोणी, काय म्हटले ही माहिती ध्वनीच्याच पोटात साठविलेली होती. पुढील काळातील असंख्य चकत्यांवर ही माहिती नाही, हे येथेच नमूद करून ठेवणे इष्ट होय.

तबकडीचा भाषाशास्त्रीय उपयोग ओळखणारा पहिला मोठा प्रयत्न जॉर्ज ग्रीअर्सन याचा. १८९४ साली सुरू झालेल्या त्याच्या भाषासर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याचे संपादन स्टेन कोनो यांनी केले होते. छापील नमुने उच्चार दाखविण्यास अपुरे पडतात हे जाणून ग्रीअर्सनने प्रांतिक सरकारांच्या साहाय्याने १९१३ पासून निरनिराळ्या भाषांच्या तबकड्या तयार करविल्या. उधळ्या पुत्राची बायबलातील कथा आपापल्या भाषेत सांगावयाची, असा ठराविक पाठ बहुतेकांना दिलेला होता. नव्वदांहून अधिक भाषा व बोलींचे दोनशेंवर नमुने अशा रीतीने सिद्ध झाले. ह्या तबकड्या आज ऐकता येतात, याचे श्रेय लाखेच्या टिकाऊपणाला जितके, तितकेच ग्रंथालयांनी त्या जपून पुढे अंकीय रूपात आणल्या या गोष्टीला आहे. प्रत्येक तबकडीची भाषा, प्रदेश आणि पाठ यांची नोंद होती, म्हणूनच त्या जतन करण्याजोग्या ठरल्या.

मराठीत ह्या वस्तूला मिळालेली नावेही पाहण्यासारखी आहेत. ‘तबक’ हा फारसी-अरबी परंपरेतील ताटवाचक शब्द. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘तबकडी’ झाली. ‘ध्वनिमुद्रिका’ हा पुढे घडविलेला संस्कृत प्रतिशब्द मुद्रेच्या, म्हणजे ठशाच्या, कल्पनेवर उभा आहे. बोलण्यात मात्र ‘रेकॉर्ड’, ‘कॅसेट’ आणि ‘सीडी’ हेच शब्द रूढ झाले. नामे बदलली तरी क्रियापदे टिकली. रेकॉर्ड ‘लावीत’, कॅसेट ‘लावीत’, सीडी ‘लावीत’. आज यंत्रात लावण्याजोगी कोणतीच वस्तू नसताही गाणे ‘लावले’च जाते. कॅसेट ‘भरून’ घेण्याची रीत होती. तोच प्रयोग पुढे भ्रमणध्वनीत गाणी ‘भरून’ घेण्यासाठी वापरात आला. वस्तूचा लोप झाल्यावरही तिची क्रिया भाषेत शिल्लक राहते, याचे हे सुबोध उदाहरण होय.

२. प्रकाशाने वाचावयाची चकती

फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटने १९८० नंतरच्या दशकात भारतीय बाजारपेठ व्यापली. मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि लोकगीते, भजने, कीर्तने, वगनाट्ये अशा प्रादेशिक प्रकारांना प्रथमच स्वस्त प्रसार मिळाला. ह्याच सुमारास, १९८२ मध्ये, फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सिद्ध केलेली सीडी जपानच्या बाजारात आली.

सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. पॉलिकार्बोनेटच्या चकतीत आतून बाहेर जाणारी एक सर्पिल रेषा असते. तिच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर इतके सूक्ष्म. कारखान्यात छापलेल्या चकतीत ह्या रेषेवर खळगे उठविलेले असतात आणि त्यांवर धातूचा परावर्तक थर असतो. घरी अथवा दुकानात लिहिता येणाऱ्या सीडी-आर ह्या प्रकारात खळग्यांऐवजी सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असून लेसर किरणाने तो ठिकठिकाणी पालटला जातो. ह्या भेदाचे महत्त्व मोठे आहे. छापील चकती काळजीने ठेवल्यास दीर्घकाळ टिकते; रंगद्रव्य मात्र ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी क्षीण होत जाते. ज्या ध्वनिमुद्रणांची एकच प्रत आहे ती स्वाभाविकपणे ह्या दुसऱ्या, दुबळ्या प्रकारात असतात. व्यापारी गाण्याच्या हजारो प्रती छापील चकतीवर; गावच्या सप्ताहाची अथवा संशोधकाने टिपलेल्या बोलीची एकुलती एक प्रत रंगद्रव्यावर. टिकाऊपणा आणि दुर्मिळता यांचे प्रमाण असे व्यस्त पडले.

१९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या प्रमाणाने चित्रपट त्याच चकतीवर आणला. चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे बेताचेच. एका चकतीत सुमारे ७४ मिनिटे मावत असल्याने संपूर्ण चित्रपटास दोन किंवा तीन चकत्या लागत. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार फारसा रुजला नाही. भारतात आणि पूर्व व आग्नेय आशियात मात्र तो घरोघरी पोहोचला, कारण यंत्र स्वस्त होते आणि चकतीवर प्रतिबंधक कुलूप नव्हते. मोझर बेअर ह्या कंपनीने २००७ साली चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास आरंभ केला, तेव्हा चित्रपटाची प्रत विकत घेणे हे साध्या कुटुंबाच्याही आवाक्यात आले.

व्हीसीडीने स्थानिक निर्मितीलाही वाट करून दिली. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मालेगावचे. शेख नासिर यांच्या ‘मालेगाव के शोले’पासून, म्हणजे सुमारे २००० सालापासून, यंत्रमागांच्या ह्या गावात अत्यल्प खर्चाचे विडंबनपर चित्रपट निर्माण होऊ लागले. त्यांची भाषा स्थानिक उर्दू-हिंदी, आणि तिच्यावर खानदेशी वळणाची छाया. फैझा अहमद खान यांच्या २००८ मधील ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ह्या माहितीपटाने हे गाव जगाला परिचित झाले. २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट ह्याच इतिहासावर प्रदर्शित झाला. भाषाभ्यासकास यांत एक इशारा आहे. ह्या चित्रपटांविषयीचे चित्रपट सुरक्षित आहेत. मूळ चित्रपट मात्र मुख्यतः चकतीच्या आश्रयाने फिरले.

३. औद्योगिक पट्ट्यातील श्रोता

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांच्या शिवारांत वाहन व यंत्रनिर्मितीचे मोठे कारखाने उभे राहिले. ह्या चार गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली होती. चाकणचा विस्तार मागाहूनचा; २००९ मध्ये तेथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेन्झ यांचे कारखाने सुरू झाले आणि खेड तालुक्यातील कांद्याच्या बाजारपेठेचे गाव मोटारींचे नगर बनले.

ही वाढ नैसर्गिक जननप्रमाणाची नव्हे, स्थलांतराची आहे. सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर; मराठवाड्यातील बीड, लातूर, धाराशिव, नांदेड; खानदेश आणि विदर्भ, अशा सर्व भागांतून लोक येथे आले, आणि त्यांच्यासह परप्रांतीयही. परिणामी काही चौरस मैलांच्या परिसरात मराठीच्या अनेक बोली शेजारी शेजारी ऐकू येऊ लागल्या. ‘डोळा’चा ‘डोया’ करणारी वऱ्हाडी, ‘पाणी’चे ‘पानी’ करणारी खानदेशी आणि ळ-ण जपणारी देशावरची बोली एकाच कारखान्याच्या पाळीत एकत्र आल्या. अशा मिश्र वस्तीत बोलींची धार बोथट होते हा सर्वसाधारण अनुभव आहे. दुसऱ्या पिढीची मुले शाळेची आणि शहराची भाषा उचलतात.

तथापि ह्याच वस्तीत चकतीने उलट दिशेचे कार्य केले. अहिराणी गाणी, वऱ्हाडी विनोद, कोळीगीते, भीमगीते, लग्नातील हळदीची गाणी आणि तमाशाचे वग ज्या प्रदेशांत निर्माण होत तेथून ते चकतीच्या रूपाने शहरातील खोल्यांपर्यंत येत. गावाकडची वाणी गावाबाहेर पुनःपुन्हा ऐकता येणे, ही स्थलांतरिताच्या भाषिक जीवनातील नवीच सोय होती.

देहू आणि आळंदी यांचे स्थान ह्या संदर्भात विशेष आहे. आळंदी पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधोमध, तर देहू शहराच्या सीमेवर. ह्या क्षेत्रांतील बाजारात पोथ्या, टाळ आणि तुळशीच्या माळा यांच्या पंक्तीला प्रथम कॅसेट आणि मग सीडी येऊन बसल्या. बाबामहाराज सातारकर (१९३६–२०२३) यांच्या हरिपाठाने व कीर्तनांनी ह्या माध्यमातून महाराष्ट्राची घरे गाठली. एमपी-३ पद्धतीने संक्षिप्त केलेला ध्वनी साध्या चकतीत सुमारे बारा तास मावतो. सात दिवसांच्या सप्ताहात रोज दोन तासांचे कीर्तन धरले तर एकूण चौदा तास होतात. म्हणजे संपूर्ण सप्ताह जवळजवळ एका चकतीत येऊ लागला. लाखेच्या तबकडीवरील तीन मिनिटांशी ताडून पाहता हा पालट किती मोठा होता ते ध्यानी येईल. तीन मिनिटांत गीत मावे, निरूपण मावत नसे. चकतीमुळे प्रथमच निरूपण, म्हणजे सलग गद्य वाणी, विपुल प्रमाणात मुद्रित झाली. अभंगाची जुनी भाषा, कीर्तनकाराची प्रमाण भाषा आणि दृष्टांत सांगताना सहज उतरणारी त्याची गावची बोली असे तीन स्तर एकाच वक्त्याच्या मुखी आढळतात. भाषापालटाच्या अभ्यासास याहून समृद्ध सामग्री क्वचितच मिळेल.

४. चकती रचणारी साधने आणि मराठीचे त्यांतील स्थान

चकतीवर ध्वनी अथवा चित्र नुसते उतरवून भागत नसे. विशेषतः डीव्हीडीसाठी चित्राचे प्रकरणांत विभाजन, अनुक्रमणिकेचा पडदा, ध्वनीच्या पर्यायी पट्ट्या आणि उपशीर्षके यांची बांधणी करावी लागे. ग्रंथाच्या बाबतीत जे कार्य जुळारी आणि बांधणीकार करीत, ते येथे चकती रचणाऱ्या आज्ञावलीने करावयाचे. ह्या साधनांच्या प्रमाणांत मराठीला कोणते स्थान होते, हा भाषाशास्त्राचा प्रश्न असून त्याचे उत्तर उद्‌बोधक आहे.

संगीताच्या सीडीवर गीताचे नाव साठविण्यासाठी सीडी-टेक्स्ट नावाची पुरवणी होती. तिच्या भाषांच्या यादीत मराठीला स्वतंत्र क्रमांक होता. परंतु अक्षरसंचांच्या यादीत रोमन आणि पूर्व आशियाई लिप्या होत्या, देवनागरी नव्हती. म्हणजे गीत मराठी आहे असे सांगण्याची सोय होती, पण त्याचे नाव मराठीत लिहिण्याची नव्हती. संगणकीय चकतीवरील धारिकांच्या नावांचे मूळ प्रमाण त्याहून संकुचित होते: रोमन मोठी अक्षरे, अंक आणि एक अधोरेषा. १९९५ मधील जोलिएट ह्या पुरवणीनंतर देवनागरी नावे शक्य झाली, तरी तोवर पडलेली रोमन नावांची सवय सुटली नाही. अनेक चकत्यांवर आजही ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ यांपलीकडे काही सापडत नाही.

डीव्हीडीच्या प्रमाणात भाषा दोन रोमन अक्षरांच्या आंतरराष्ट्रीय संकेताने नोंदवीत. त्या सूचीत मराठीला ‘एमआर’ हा संकेत होता. कोकणीला दोन अक्षरी संकेतच नव्हता. तिला मिळालेला संकेत तीन अक्षरांचा आणि म्हणून येथे निरुपयोगी. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. घटनेच्या आठव्या अनुसूचीत १९९२ पासून असलेली भाषा चकतीच्या अनुसूचीत मात्र अनामिक राहिली. त्या सूचीवर विसंबून चकत्यांचे भाषावार वर्गीकरण करू पाहणाऱ्यास म्हणूनच मोठा भाग दिसणारच नाही.

उपशीर्षकांची कथा ह्याच्या उलट आहे. डीव्हीडीवर उपशीर्षके मजकूर म्हणून साठविली जात नसत. प्रत्येक ओळीचे चार रंगांचे लहानसे चित्र बनवून तेच चकतीवर ठेवीत. त्यामुळे जोडाक्षरे, वेलांट्या, रफार ह्यांची कोणतीच अडचण उरली नाही. कोणत्याही टंकात अक्षर जुळवावे आणि त्याचे चित्र काढावे. परंतु जी ओळ चित्र आहे तिच्यात शब्द शोधता येत नाही. हजारो तासांचे संवाद आणि त्यांचे लेखन चकतीत शेजारी असूनही त्यांतून आयता शब्दसंग्रह सिद्ध होत नाही, याचे कारण हे होय.

मजकूर म्हणून साठविलेल्या चकत्यांची स्थिती आणखी निराळी. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने देवनागरी लेखनाची साधने विकसित केली. आयएसएम आणि श्री-लिपी ही नावे मुद्रणव्यवसायात सर्वतोमुखी झाली. परंतु टंकांची सांकेतिक रचना प्रत्येकाची वेगळी. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ह्या जुन्या टंकांतील मजकूर, टंक नसल्यास, रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळी म्हणून दिसू लागला. येथे चकती शाबूत, धारिका शाबूत, आणि वाचन अशक्य असा तिहेरी प्रसंग आढळतो.

चकती रचणाऱ्या आज्ञावलींचे आयुष्य तर फारच अल्प ठरले. ॲपल कंपनीची आयडीव्हीडी आणि डीव्हीडी स्टुडिओ प्रो ही दोन्ही साधने २००१ साली आली. २०११ मध्ये दुसरे बंद करण्यात आले आणि पहिले नव्या संगणकांसोबत देणे थांबले. ॲडोबीच्या एन्कोरचा आरंभ २००३ चा, शेवटची आवृत्ती २०१२ ची. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टासोबत २००७ साली दिलेला डीव्हीडी मेकर २०१२ च्या विंडोज ८ मधून वगळला. म्हणजे एका दशकात ही विद्या आली आणि गेली. तयार चकती अद्याप वाचता येते. पण ती ज्यापासून घडली ती प्रकल्प-धारिका, तिच्यातील स्वतंत्र ध्वनिपट्ट्या, सुटे मजकूर आणि वगळलेले भाग, ह्यांचे दार त्या साधनाबरोबर बंद झाले. छापखाना मोडला तरी पुस्तक उरते, हे खरे. परंतु येथे मुद्रणप्रतही छापखान्याच्याच कुलपात होती.

५. अस्त

ऱ्हासाची कारणे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. २०१० नंतर स्वस्त स्मरणपट्ट्या आणि भ्रमणध्वनी, व २०१६ नंतर अत्यल्प दरातील आंतरजाल, यांनी चकतीची गरज संपविली. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारींच्या दर्शनी फळीवर असलेली चकतीची फट ह्याच दशकात लुप्त झाली. मोझर बेअरवर २०१७ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू होऊन २०१८ मध्ये समापनाचा आदेश झाला. सोनीने फ्लॉपी २०११ साली थांबविली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे चकत्यांचेही उत्पादन बंद केले.

चकत्यांचे पुढे काय होते, ह्याचे उत्तरही ह्याच पट्ट्यात शोधता येते. पॉलिकार्बोनेट हे मोटारीच्या दिव्याच्या काचेचेही द्रव्य आहे. साच्यात प्लास्टिक दाबून भाग घडविण्याची जी कला चकतीमागे होती तीच येथील असंख्य लघुउद्योगांची उपजीविका आहे. चिखलीजवळील कुदळवाडी वर्षानुवर्षे भंगाराचे केंद्र म्हणून ओळखली जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील हजारो बांधकामे हटविली. भंगाराच्या काट्यावर चकतीचे मोल तिच्या वजनाइतके. त्या वजनात कीर्तन आहे की रिकामी जागा, हे तेथे कोणी विचारीत नाही, आणि विचारावे अशी अपेक्षाही नाही. तो प्रश्न विद्यापीठांनी व ग्रंथालयांनी त्याआधी विचारावयाचा असतो.

६. जतनाची वैधानिक बाजू

ग्रंथांच्या रक्षणासाठी १९५४ साली संसदेने सार्वजनिक ग्रंथालयांना ग्रंथ देण्याचा कायदा केला. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. प्रकाशकाने ठराविक ग्रंथालयांत प्रत पाठविलीच पाहिजे असे हे बंधन आहे. त्यातील ‘ग्रंथ’ ह्या शब्दाच्या व्याख्येत पुस्तिका, नकाशे, एवढेच नव्हे तर छापील स्वरलिपीचा सुटा कागदही येतो. ध्वनिमुद्रिका येत नाही. गीताची स्वरलिपी जतन करण्यास कायदा बांधील, गीत जतन करण्यास नाही. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांसाठी मोलाचे कार्य केले. परंतु बोलीतील चकत्यांच्या बाजाराला तशी निवाऱ्याची जागा लाभली नाही.

लेखाधिकाराचा कायदा १९५७ चा. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे २००० साली प्रकाशित झालेल्या सीडीवरील हक्क २०६० च्या अखेरीस संपेल. रंगद्रव्याची चकती तोवर वाचता येईल अशी आशा धरणे व्यर्थ होय. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी अंकीय प्रत साठविण्याची मुभा दिली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण तिची अट अशी की, ग्रंथालयाच्या संग्रही कृतीची अंकीय नसलेली प्रत असली पाहिजे. लाखेची तबकडी आणि कॅसेट ह्या अटीत बसतात. सीडी मुळातच अंकीय. शब्दशः अर्थ घेतल्यास ती ह्या सवलतीच्या बाहेर पडते. ज्या माध्यमाला साहाय्याची निकड सर्वांत अधिक, तेच असे शब्दांच्या फटीत सापडले आहे.

उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, चकतीच्या युगात, म्हणजे ढोबळमानाने १९९५ ते २०१५ ह्या दोन दशकांत, बोलत्या मराठीचे आणि तिच्या बोलींचे मुद्रण विपुल झाले. दुसरी अशी की, ह्या सामग्रीचा मोठा भाग नावनिशीवाचून आहे, कारण चकतीची प्रमाणेच देवनागरीला आणि बोलींना अनुकूल नव्हती. तिसरी अशी की, तिचे वाचन करणारी यंत्रे, तिची रचना करणाऱ्या आज्ञावली आणि तिच्यातील रंगद्रव्य ही तिन्ही एकाच काळात संपुष्टात येत आहेत.

अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेने बोलींचे लिखित नमुने अभ्यासकांस दिले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडील सर्वेक्षणाने प्रत्यक्ष ध्वनिनमुने उपलब्ध केले. ह्या दोहोंच्या मधली चाळीस-पन्नास वर्षे घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. ती मिळविण्यास महागडी सामग्री लागत नाही. चकती वाचणारे एखादे सुस्थितीतील यंत्र, न संक्षिपित केलेल्या रूपात उतरवून घेण्याची शिस्त, आणि प्रत्येक चकतीमागे वक्ता, गाव, वर्ष व प्रसंग यांची चार ओळींची नोंद एवढे पुरे. एमपी-३ मध्ये आधीच संक्षिप्त झालेल्या ध्वनीवर सूक्ष्म ध्वनिमापन करताना सावधगिरी बाळगावी लागेल; तथापि शब्दसंग्रह, रूपविचार आणि वाक्यरचना यांसाठी तो पूर्णतः ग्राह्य आहे.

ह्यांपैकी यंत्र आणि शिस्त पुढेही मिळू शकतील. नोंद मात्र आजच घ्यावी लागेल. चकतीवरचा आवाज कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे आळंदीत, भोसरीत, चाकणला आज हयात आहेत. लाखेच्या तबकडीवरील गायिका आपले नाव स्वतःच सांगून गेली. चकतीवरील कीर्तनकाराचे नाव त्याच्या श्रोत्यांस विचारून घ्यावे लागणार आहे.